बेतानं नापास

४ जुलै

आज नापास झालो. ठरवून, बेतानं, दरवर्षीसारखा.

फुटबॉलच्या हंगामाआधीची तपासणी होती. सकाळी रक्त, मग गुडघे, मग छातीला वायरी, आणि सगळ्यात शेवटी त्या चिंचोळ्या खोलीतला कॉम्प्युटर. पडद्यावर शब्द येतात — खुर्ची, लिंबू, पूल, चादर. थोड्या वेळानं विचारतात, यातले कुठले पाहिलेत? मग आकृत्या. मग लाल गोल दिसला की बटण दाबा, निळा दिसला की दाबू नका. मुलांच्या वाढदिवसाला असले खेळ घेतात. यातून तुमच्या मेंदूला जे काही गुण पडतात ते क्लबकडे जमा. हंगामात कधी डोक्याला मार बसला की हीच परीक्षा पुन्हा द्यायची, आणि नवे गुण जुन्यांशेजारी ठेवून बघायचे. उतरले असतील तर घरी बसा. उतरले नसतील तर चला मैदानात.

आता ज्याचं पोट मैदानावर आहे तो काय करेल? जुलैतच कमी गुण घेऊन ठेवेल. पुढे डोक्यावर वीट पडली तरी उतरायला जागा शिल्लक नको!

ही कला आहे, कोणीही उठून करू नये. तिजोरीनं केली होती. तिजोरी म्हणजे आमचा गोलकीपर. कधीकाळी त्याच्यामागे काही जायचं नाही म्हणून हे नाव पडलं. आता नाव तेवढं उरलंय. त्याला ही युक्ती मीच शिकवली. पठ्ठ्यानं उत्साहाच्या भरात इतकं वाईट दिलं की मशीननं 'परीक्षा ग्राह्य नाही' असं सांगून त्याला परत बसवलं. मंद दिसावं, पण पटेल इतपत मंद. मला ते प्रमाण बरोबर साधतं. पदवी नाही हातात, पण या एका विषयात मी पारंगत आहे.

डॉक्टरीणबाई यंदा नव्या आहेत. "जमेल तितकं मनापासून द्या हं," म्हणाल्या. दिली की. लिंबू मला लख्ख आठवत होतं. 'पाहिलं नाही' दाबलं.

५ जुलै

ही वही क्लबनं वाटलीय. 'मनाचे कोच' म्हणून एक गृहस्थ आले होते, बूट फार चकचकीत. म्हणाले, रोज स्वतःशी खरं बोला, वही कोणी बघणार नाही. बरं. तर खरं असं की त्यांच्या भाषणात निम्मे लोक झोपले होते आणि उरलेल्या निम्म्यांत मी नव्हतो.

११ जुलै

टीमच्या कोचचं नाव आम्ही प्राध्यापक ठेवलंय. प्रॅक्टिसला मैदानावर कमी, पडद्यासमोर जास्त. अकरा ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्यातून निघणारे बाण. मी नववा ठिपका, म्हणजे स्ट्रायकर, गोल मारणारा. माझे बाण सगळे मागे जाणारे! मी हात वर केला. म्हटलं, गोल पुढच्या बाजूला असतो ना? प्राध्यापक प्रेमानं हसले. "आधुनिक खेळात स्ट्रायकर हा पहिला डिफेंडर असतो."

म्हणजे सोळा वर्षं मी चुकीच्या टोकाला उभा होतो. कोणी सांगितलं नाही.

२ ऑगस्ट

एजंट येऊन गेला. माझ्या घरी माझीच कॉफी पिऊन मला माझं वय सांगितलं. चौतीस. ते मला माहीत होतंच, असं मला वाटतं.

गोष्ट सरळ आहे. माझा करार मे महिन्यात संपतो. क्लबला वाटलं तर एक वर्ष वाढेल, नाही वाटलं तर हार घालतील, फ्रेममधली जर्सी देतील, आणि कुठल्यातरी दुकानाच्या उद्घाटनाला बोलावणी येतील. एजंट म्हणतो, "राजा, तू फक्त दिसत राहा. दुखणं-बिखणं काही नको. तक्रार एक नको. चौतिशीचा माणूस एकदा बाहेर बसला की उठत नाही."

बायको दारात उभी राहून ऐकत होती. तो गेल्यावर म्हणाली, "एक वर्ष कशासाठी हवंय तुला?"

उत्तर इथे लिहितो. मला अजून खेळायचंय. क्रॉस, म्हणजे बाजूनं उंच मारलेला चेंडू, हवेत असतो, डिफेंडर खाली असतो, आपण वर असतो, आणि क्षणभर कोणाचं काही ऐकू येत नाही. ते मला दुसरं कुठे मिळणार? दुकानाच्या उद्घाटनात?

१८ ऑगस्ट

पहिला सामना. बेंच. बेंच चांगलं आहे, गादी नवी घातलीय.

२५ ऑगस्ट

बेंच. गादी आता जुनी वाटते.

माझ्या जागी नवा खेळतो. नवा म्हणजे नवाच, त्याला तेच नाव पडलंय. धावतो हरणासारखा, केस विंचरतो नवरीसारखे. गोल मारत नाही, पण मागे फार सुंदर पळतो. प्राध्यापकांचे बाण आनंदानं थरथरतात.

१५ सप्टेंबर

आज शेवटची वीस मिनिटं मिळाली आणि हेडर! डाव्या बाजूनं क्रॉस, मी उशिरा उडालो, उशिराच उडायचं असतं, कपाळाच्या हाडावर बरोबर बसला. जाळं हललं आणि सगळं स्टेडियम "हातोडा, हातोडा" करायला लागलं. हे माझं पडलेलं नाव. निम्म्याहून जास्त गोल डोक्यानं मारलेत म्हणून.

आईचा फोन. शेजारीण तिला विचारते, मुलगा काय करतो? आई सांगते, डोक्याचं काम करतो. शेजारणीला वाटतं बँकेत आहे. आई तिचा गैरसमज दूर करत नाही.

१३ ऑक्टोबर

कालच्या सामन्याचं बऱ्याच जणांनी सांगितलं. मला स्वतःला फारसं माहीत नाही.

कॉर्नर होता. मी उडालो, त्यांचा तो उंच डिफेंडरही उडाला, चेंडू मात्र दोघांनाही नको होता. त्याचं डोकं माझ्या कानशिलावर. नंतर मी उभा राहिलो म्हणे. सगळं ठीक म्हणून प्राध्यापकांना अंगठा वर करून दाखवला म्हणे. पुढे अकरा मिनिटं खेळलो आणि एक पास फार हुशारीनं दिला, तो त्यांच्या माणसाला. मग तिजोरी गोल सोडून पळत आला आणि रेफ्रीला म्हणाला, "याला बाहेर काढा, हा मला माझंच नाव विचारतोय."

१५ ऑक्टोबर

परीक्षा. चिंचोळी खोली, तोच पडदा. डोक्यात कोणीतरी रिकामा डबा वाजवत होतं. या वेळी सगळं लक्ष घालून दिली, कारण आता मंदपणा नको होता. आणि निकाल? जुलैपेक्षा वरचढ! डॉक्टरीणबाई चकित. "मार लागल्यावर गुण वाढलेले मी पहिल्यांदाच बघतेय." मला वाटलं, आता माझ्यावर लेख लिहितात की काय. टक्कर मारा, बुद्धी वाढवा.

शनिवारी खेळायला परवानगी. तिजोरीनं डोळा मारला. मीही मारला, तो जरा दुखला.

१९ नोव्हेंबर

दिवे फार झालेत जगात. दुकानात दिवे, जिममध्ये दिवे, फ्रिज उघडला तरी दिवा. मी घरात टोपी घालून बसतो. बायको विचारते, ऊन लागतंय का?

२७ नोव्हेंबर

लेक हॉलमध्ये चेंडू आपटत होती. मी ओरडलो, घरात चेंडू खेळायचा नाही! फुटबॉलवाल्याच्या घरात! ती आठ वर्षांची आहे, पण नजर तिच्या आईची. चेंडू काखेत घेतला आणि म्हणाली, "बाबा, हे घर चेंडूच्याच पैशांनी घेतलंय." आणि निघून गेली. मी ओरडलो त्यापेक्षा तिचं हे शांत बोलणं मला जास्त लागलं. नंतर तिच्या खोलीत जाऊन माफी मागितली. तिनं दिली, पण व्याकरणाच्या बाईंसारखी, पुन्हा असं होता कामा नये वगैरे.

९ जानेवारी

नव्याच्या मांडीचा स्नायू ओढला गेला. एवढं मागे पळल्यावर होणारच. पुढच्या रविवारपासून मी पहिल्या अकरात. मला त्याच्याबद्दल वाईट वाटतं. म्हणजे वाटायला हवं.

२३ जानेवारी

दोन सामने, दोन गोल. प्राध्यापकांनी माझा एक बाण पुढच्या दिशेला काढला. भरून आलं.

१७ फेब्रुवारी

आज काय झालं ते नीट लिहितो, कारण बाहेर सगळे वेगळंच सांगताहेत.

शेवटची काही मिनिटं, बरोबरी, आम्हाला कॉर्नर. कॉर्नर मारणारा एक हात वर करतो तेव्हा चेंडू जवळच्या पोस्टवर, म्हणजे गोलच्या अलीकडच्या खांबाशी येणार, दोन हात केले तर लांबच्या. शेंबड्या पोराला कळेल इतकं सोपं. त्यानं एक हात वर केला. सगळे जवळच्या पोस्टकडे धावले. मी लांबच्या.

का? कारण माझ्या आधीच्या क्लबात एक हात म्हणजे लांबचा पोस्ट असायचा. आणि त्या घटकेला मी आधीच्या क्लबातच होतो. विसरलो वगैरे नाही, घोटाळलो नाही. अगदी शांतपणे, मनापासून, तिथेच होतो.

चेंडू जवळच्या पोस्टवर कोणाच्यातरी खांद्याला लागून उडाला आणि लांबच्या पोस्टवर, जिथे माझ्याशिवाय चिटपाखरू नव्हतं, बरोबर माझ्या कपाळावर. गोल! मग मी हात पसरून उजव्या कोपऱ्याकडे पळालो. तिथे बायको आणि लेक बसायच्या. आधीच्या क्लबात. इथे त्या कोपऱ्यात पाहुण्या संघाचे प्रेक्षक बसतात. मी त्यांना हवेत पापे देत होतो. त्यांनी मला बाटल्या दिल्या. रेफ्रीनं पिवळं कार्ड दिलं, समोरच्यांना डिवचलं म्हणून.

एक बाटली पायाशी येऊन पडली तेव्हा मी कुठे आहे ते कळलं.

१८ फेब्रुवारी

पेपरात: 'अनुभवाला पर्याय नाही.' आतल्या पानावर: 'सगळे जिथे गेले तिथे तो गेला नाही.' आणि शत्रूच्या कोपऱ्यात जाऊन जल्लोष करायला म्हणे छाती लागते. एका टीव्हीवाल्यानं माझ्या धावण्यावर वर्तुळ काढून दाखवलं आणि म्हणाला, हे शिकवता येत नाही.

खरंय. शिकवता येत नाही.

२१ फेब्रुवारी

प्राध्यापक मात्र शिकवणार! आज पडद्यावर माझी चूक. बाणासकट. तिला नावही दिलंय, 'हातोडा योजना'. आता प्रत्येक कॉर्नरला सगळे एकीकडे जातील आणि मी दुसरीकडे.

प्रॅक्टिसमध्ये दहादा करून बघितलं. मला माझी चूक जमेना. दर वेळी बरोबर पोस्टकडे धावत होतो. प्राध्यापक ओरडले, "सहज कर ना, सामन्यात केलंस तसं!" तिजोरी गोलमध्ये उभा राहून हसून हसून लोळला. मीही हसलो. घरी येऊन बाथरूममध्ये नळ सोडून बराच वेळ बसलो. हसू येत नव्हतं.

८ मार्च

एजंटचा फोन. "झालं, राजा! एक वर्ष! त्या कॉर्नरनं काम केलं." एप्रिलमध्ये शेवटची वैद्यकीय तपासणी, ती झाली की लगेच सही. तपासणीत ती डोक्याची परीक्षाही आहे. "ती तर तू झोपेत देशील," म्हणाला. त्याला युक्ती माहीत आहे. त्याच्याकडच्या बाकीच्यांना त्यानंच सांगितली असणार.

मला आनंद झाला. खरंच झाला. लेकीला उचलून फिरवलं, मग जरा भिंतीला धरून उभा राहिलो.

३० मार्च

तिजोरी आणि त्याची बायको जेवायला आले होते. सगळं छान चाललं होतं. माझी बायको शाळेत गणित शिकवते, तेव्हा परीक्षांच्या गप्पा निघाल्या. वर्गात हल्ली सगळ्यांनाच पैकीच्या पैकी हवेत, वगैरे. तिजोरीला राहवेना. म्हणाला, "वहिनी, पैकीच्या पैकी कोणीही घेईल. कमी घ्यायला तुमच्या नवऱ्यासारखं डोकं लागतं. आख्ख्या टीमला नापास व्हायला शिकवलंय यानं!" आणि सगळी युक्ती रंगवून सांगितली. लाल गोल, निळा गोल, सगळं. त्याच्या बायकोनं टेबलाखालून त्याला लाथ मारली. ती मला लागली.

बायको हसली नाही. पुन्हा पाणी वाढलं सगळ्यांना.

३१ मार्च

घरात भांडी बोलतात तेवढीच.

२ एप्रिल

लेक शाळेत गेल्यावर बायको माझ्यासमोर येऊन बसली. पेपर तपासताना बसते तशी, पाठ ताठ.

"ऑक्टोबरात तुला खेळायला सोडलं ते त्या परीक्षेवर?"

"हो."

"आणि जुलैत तू ती चुकवली होतीस."

"सगळेच—"

"सगळ्यांचं नको सांगूस. ज्या मोजपट्टीनं तुला मोजायचं ती तूच कापून ठेवलीस. म्हणजे तुझ्या डोक्यात काय चाललंय ते डॉक्टरांना माहीत नाही. मला माहीत नाही. तुला तरी माहीत आहे का?"

मी नेहमीचं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आधीची वाक्यं तयार होती: खेळ आहे, मार बसतोच, सोळा वर्षं काही झालं नाही. त्याऐवजी तिला कॉर्नरचं सांगितलं. एक हात, दोन हात, आणि उजवा कोपरा. कोणाला पापे देत होतो ते.

ती ऐकत राहिली. मग उठून माझ्या शेजारी येऊन बसली. माझा हात हातात घेतला. वर्गात चाळीस पोरांना गप्प बसवणारी बाई, आणि तिला शब्द सापडत नव्हता. मला भीती वाटली. याआधी वाटली नव्हती असं नाही, पण दोघांना मिळून वाटली की ती खरी होते.

५ एप्रिल

बायकोचं म्हणणं एकच: या वेळची परीक्षा खरी दे. पूर्ण.

मी तिला अडचण समजावून सांगितली. खरी दिली तर गुण जुलैपेक्षा कितीतरी वर जातील. ऑक्टोबरात अर्धवट शुद्धीत दिली तरी वर गेले होते! डॉक्टरीणबाई मूर्ख नाहीत. चौतिसाव्या वर्षी, डोक्यावर एवढा मार खाऊन, माणूस एकदम विद्वान कसा झाला? लगेच कळणार की जुलैत लबाडी केली होती. करारात स्पष्ट लिहिलंय, तपासणीत फसवाफसवी केली तर करार रद्द. म्हणजे मी हुशार निघालो तर माझी नोकरी जाणार. हसू नकोस म्हटलं.

ती हसत नव्हती. "जाऊ दे नोकरी. तू हुशार निघालास तर मी पेढे वाटेन."

८ एप्रिल

एजंटला सहज म्हणून विचारलं, एखादा एकदम चांगले गुण घेऊन आला तर? तो घाबरला. "राजा, आत्ता कशाला चमकायचंय तुला? बेतात राहा."

सगळं आयुष्य चमक म्हणून ओरडणारे लोक.

१२ एप्रिल

ठरवलं. खरी देणार.

बायकोसाठी असं लिहिणार होतो, पण मनाच्या कोचनं खरं लिहायला सांगितलंय. मला स्वतःला बघायचंय. एकदा कळू दे की आत सगळं जागच्या जागी आहे, तो कॉर्नर म्हणजे एक दिवसाचा घोळ होता. मग करार गेला तर गेला. जाईल तेव्हा बघू. म्हणजे जायला नकोय. पण बघू.

१६ एप्रिल

सबब पाठ करतोय. गुण फारच वर आले आणि डॉक्टरीणबाईंनी भुवया चढवल्या तर म्हणायचं: जुलैत लेकीला ताप होता, रात्रभर झोप नव्हती, त्यामुळे तेव्हा कमी पडले. बायकोसमोर म्हणून दाखवलं. ती म्हणाली, "जुलैत ताप तुला होता, तिला नाही." मी म्हटलं, तेच ते. मग जरा वेळानं म्हटलं, नक्की?

१८ एप्रिल

प्राध्यापकांकडून आठवड्याची सुट्टी मागून घेतली, मांडी आखडलीय सांगून. डोक्याला चेंडू लावायचा नाही, वेळेवर झोपायचं, पाणी प्यायचं, मोबाइल-टीव्हीचे पडदे बघायचे नाहीत. सोळा वर्षांत कुठल्या सामन्यासाठी एवढी तयारी केली नव्हती. लेक माझ्याकडून पाढे म्हणून घेते. तेराच्या पाढ्यात अडकलो, पण तेराच्या पाढ्यात कोण अडकत नाही?

२२ एप्रिल

सलग पाच दिवस डोकं दुखलं नाही. हलकं वाटतंय. सकाळी चालायला गेलो, येताना पाव आणि दूध दोन्ही न विसरता आणलं. बायकोनं पिशवीत डोकावून बघितलं आणि चहात साखर जरा जास्त पडली. फार दिवसांनी गुणगुणत होती.

२४ एप्रिल

दिली!

खोलीत जाण्याआधी बुटाची नाडी दोनदा बांधली, पहिल्या सामन्याला बांधली होती तशी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्हाला काय, आता सवयीचं झालंय." मी मान डोलावली. सवयीचं! आयुष्यात पहिल्यांदा धड देत होतो.

शब्द आले. एकेक शब्द धरून ठेवला, प्रत्येकाला घरातली एक जागा दिली, बायकोनं शिकवलं होतं तसं. आकृत्या आल्या. बोट बटणावर ठेवून श्वास रोखून बसलो. लाल, दाब. निळा, थांब. घाम आला, टी-शर्ट भिजला. एकदाही मुद्दाम चुकवलं नाही. एक-दोन ठिकाणी जरा अडखळलो असेन, पण उरलेलं सगळं फर्स्ट क्लास. शेवटी खुर्चीत मागे टेकलो तेव्हा दमलो होतो, पण छान दमलो होतो, नव्वद मिनिटं खेळून जिंकल्यावर दमतो तसा.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, निकाल उद्या फोनवर. मला वाटतं त्यांना धक्का बसणार. तापाची सबब बाहेर येताना तीनदा म्हटली. मग गाडीत बसून ठरवलं, सबब नको. विचारलं तर खरं सांगून टाकायचं. एवढे गुण आल्यावर माणसाला खरं बोलायला काय भीती?

घरी आलो तर बायको आणि लेक दोघी दारात. "कशी गेली?" मी दोन्ही हात वर केले. लेकीनं टाळ्या वाजवल्या.

२५ एप्रिल

डॉक्टरीणबाईंचा फोन. आवाज खुशीत. "अभिनंदन. जुलैतल्या गुणांशी तंतोतंत जुळतात. एवढं जुळलेलं मी क्वचितच बघितलंय. करा सही."

मी म्हटलं, "जुलैत मी मुद्दाम चुकवली होती, डॉक्टर. या वेळी जीव तोडून दिली."

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला, "ऑक्टोबरात तर याहून वर होते," असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग एकदम हळू विचारलं, "घरात आत्ता कोण आहे तुमच्याजवळ?"